व्हिएन्नाच्या ऑपेरात आलेली दाद

मी केमिकल इंजिनिअर. सिंगापूरला जुरोंग आयलंडवर नोकरी. मीटरवर दिसेल तेवढं खरं, बाकी सगळं थोतांड – असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

२०१६ ची गोष्ट. बाबा पुण्यात अचानक गेले. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. आईला मी सिंगापूरला, आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर घेऊन आले. ती रडली नाही. बाबांचा विषय काढला की उठून भांडी घासायला लागायची – घासलेलीच! ही अशी आतल्या आत संपणार, याची मला धास्ती बसली होती. म्हणून सुट्टी काढून तिला व्हिएन्नाला नेलं.

म्युझियममध्ये तिने चित्रं कमी आणि बसायची बाकं जास्त पाहिली. "छान आहे," एवढंच. संध्याकाळी ऑपेरा, उभ्याने बघायची स्वस्तातली तिकिटं. तिथे लोक कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरतात. आमच्याकडे स्कार्फ कुठले? सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांवर, टेबल धरतो तशी आम्ही एकेक टिश्यूची पुडी शेजारी-शेजारी ठेवली आणि पाणी प्यायला गेलो. परत येतो तर कठडा खच्चून भरलेला, पण आमच्या दोन पुड्यांच्या मधे एका माणसाची जागा तशीच रिकामी.

"आई, सरक ना इकडे."

"राहू दे गं."

शेवटच्या अंकात गायिका एकटीच गात होती. भाषा कळत नव्हती, दुःख कळत होतं. सूर वर चढत चालला, सगळे श्वास रोखून उभे... आणि तेवढ्यात आमच्या दोघींच्या मधून आवाज आला – "वाऽऽ! क्या बात है!"

बाबांचा आवाज. मैफिलीत ते अशीच दाद द्यायचे, कायम घाईने, गाणारा समेवर पोचायच्या आधीच. लोक वळून बघायचे आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्या रांगेतल्या एक बाई वळल्या. माझ्याकडे नाही, आईकडेही नाही – मधल्या रिकाम्या जागेकडे डोळे वटारून म्हणाल्या, "शूऽऽ!"

आईने कठडा घट्ट धरला. "अहो, पोचू तरी द्या तिला," ती पुटपुटली, आणि मग जी रडायला लागली, ती पडदा पडेपर्यंत.

माझा नवरा म्हणतो, दमणूक, मनाचे खेळ. असतीलही. पण त्या बाईंना ना मराठी येत होतं, ना बाबा माहीत होते. मग त्यांनी गप्प केलं कोणाला? 

परतताना ट्राममध्ये मी आईला विचारलं, "भीती नाही का गं वाटली?"

"भीती कसली? राग आला. जाताना मला एका शब्दाने सांगितलं नाही, आणि इथे परक्या लोकांत बरं तोंड उघडलं!"

हॉटेलचा स्टॉप आला तरी ती बाबांची गाऱ्हाणी सांगतच होती. मी मुद्दाम एक स्टॉप पुढे उतरवलं तिला.