कस्तुराबाईंचा कासरा

जऊळक्याच्या अंगणवाडीत कस्तुराबाई मदतनीस आहेत. गेली एकवीस वर्षं त्यांचं मुख्य काम म्हणजे ‘हात लावू नको’ म्हणणं. खिचडी शिजवणं हा जोडधंदा. रस्ता ओलांडताना पोरं पांगू नयेत म्हणून त्यांनी बैलाच्या जुन्या कासऱ्याला चौदा गाठी मारून ठेवल्यात. एका पोरानं एक गाठ धरायची. गावात आज मिशीला पीळ देऊन फिरणारे कितीतरी जण कधीकाळी त्या कासऱ्याला धरून चाललेत.

वाशीमच्या बालसंग्रहालयात सहल निघाली, तेव्हा कासराही गाडीत बसला. सेविका साधनाताईंनी बजावलं होतं, की तिथलं काही मोडलं तर आपल्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की पोरांच्या चपला दाराबाहेर काढायला लावल्या, हातपाय धुवून घेतले आणि देवळात न्यावं तसं सगळ्यांना आत नेलं.

आत हवेवर तरंगणारा चेंडू होता, चापट मारली की वाजणाऱ्या नळ्या होत्या, हात टेकवला की उजळणारी भिंत होती. चौदा पोरं गाठी धरून सगळं नुसतं डोळ्यांनी खात होती. माहिती सांगणारा अनुप, हे हात लावायलाच ठेवलंय, असं सांगून सांगून थकला. पोरं बाईंच्या तोंडाकडे बघायची आणि गाठ आणखी घट्ट धरायची. गाडी निघायला अर्धा तास उरला, तरी एका बोटानं कशाला शिवलं नव्हतं.

शेवटी अनुपनं बाईंनाच गाठलं. चार चाकांतून ओवलेल्या दोराला एक खुर्ची टांगली होती. बसा आणि स्वतःलाच वर ओढा, म्हणाला. बाई हसल्या. विहिरीच्या रहाटावर त्यांनी उभा जन्म पाणी शेंदलेलं. भरल्या बादलीचं वजन खांद्यांना पाठ होतं, आणि बाई काही बादलीएवढ्या नव्हत्या. तरी त्याचं मन राखायला बसल्या. कासऱ्याचं टोक रांगेत सगळ्यांत पुढं असलेल्या बादल नावाच्या पोराच्या हाती दिलं आणि खुर्चीचा दोर ओढला.

बादलीला लागतो तेवढाच जोर लागला, आणि पाय फरशीवरून सुटले.

‘‘मी मलेच उचललं,’’ त्या देवापुढं बोलावं तशा हळू बोलल्या.

बाई हवेत! बादलच्या हातून कासऱ्याचं टोक कधी गळलं, त्यालाही कळलं नाही. कासरा फरशीवर पडला, पोरं खुर्चीभोवती धावली, आणि तिथून जी पांगली ती पांगलीच. नळ्या वाजल्या. भिंत उजळली, तिच्यावर चौदा पोरांचे पंजे उमटले. एकीनं चेंडूच्या खालच्या वाऱ्यात आख्खं तोंड घातलं.

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं. दोन्ही हात दोरात अडकलेले. खाली उतरलं की एका हाकेत सगळी गाठीवर येतील, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि वरून बघत राहिल्या. काहीच मोडत नव्हतं.

साधनाताई गाडी आल्याचं सांगायला आल्या. बाई, उतरा म्हणाल्या.

बाईंनी दोर आणखी वीतभर ओढला.

‘‘पोराईचं होऊ द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी काई थकून नाई राह्यली.’’