न वळलेले लाडू

मैत्रिणींनो, हे पत्र वाचून झालं की पुढच्या मैत्रिणीकडे पाठवा, कारण आज मी जिंकले!

पूर्णेला मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाली, तरी आबा जाऊ देत नव्हते. "बी.ए. झालीस, पण भाकर थापता येईना तुला. एकटी ऱ्हाऊन खाशील काय?"

आज सकाळी मी ज्वारीच्या लाह्या फोडल्या. शेंगदाणे, तीळ भाजले, गुळाच्या पाकात सगळं परतलं आणि सुपात मोकळं पसरलं.

काकू हसायला लागली. "अगं बाई, लाडू बी वळता येईनात का?"

"वळायचेच नाहीत, काकू."

गार होऊन कुरकुरीत झाल्यावर वाटीभर दुधात घालून आबांपुढे ठेवलं. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. मग वाटी पुढे करून म्हणाले, "आनखी घाल. किती दिवस टिकतंय हे?"

"महिनाभर."

"मंग डबा मोठा घे. सोमवारी गाडीवर सोडायला मी येतो."

पदवीला जे जमलं नाही, ते वाटीभर लाह्यांनी जमवलं. याचा राग यावा की हसू, तुम्हीच सांगा. मी मात्र ट्रंक भरायला घेतली आहे!