लांब दस्त्याची रायफल

ओव्हनमध्ये पावासारखी मऊ बिस्किटं फुगत होती आणि रोवेना कढईत ग्रेव्ही ढवळत होती, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारावर थाप पडली. तिला नवल वाटलं. या दारावर कुणी थाप मारतच नसे. घर सासऱ्यांचं, अंगणापलीकडचं घरही त्यांचंच. ते मनात येईल तेव्हा आत शिरत आणि झाकण उचलून काय शिजतंय ते बघत. नवरा, डॉयल, वारला तरी रोवेना इथंच राहिली. जाणार कुठं?

दारात सासरे, ऑर्व्हल, उभे होते. दोन्ही हात भरलेले, म्हणून बुटानं थाप मारली होती. एका हातात काडतुसांचा डबा, दुसऱ्यात घरातली जुनी पॉइंट टू-टू रायफल.

“मेब्री नऊची झाली. टेकाडाखाली नेमासाठी डबे मांडून ठेवलेत.”

बंदुकीचं रोवेनाला भय नव्हतं. या डोंगरात हरणांच्या शिकारीचा मोसम लागला की शाळाच बंद होते. ती स्वतः बापाच्या एकबारी रायफलवर शिकलेली. एक गोळी घालायची, झाडायची, दुसरीआधी विचार करायचा. ही मात्र पोटात डझनभर गोळ्या घेऊन बसणारी.

“पॅपॉ, जड होईल तिला.” तिची लेक मेब्री आजोबांना पॅपॉ म्हणे, तिच्यामागून रोवेनाही.

“डॉयलला झाली? तो हिच्याहून काटकुळा होता.”

मेब्री अर्ध्या वेणीनं धावत आली. ऑर्व्हलनी रायफल उघडून रिकामी असल्याचं तिला दाखवलं, मग नळी टेकाडाकडे करून तिच्या हाती दिली. दस्ता खांद्यावर बसेचना, काखेखाली जाई. कमरेवर भरली बादली घ्यावी तशी पोर मागे कलली आणि तरी तिचा डोळा नेमापर्यंत पोचेना.

“मागे झुकू नकोस.”

“मग ती पुढे पडते, पॅपॉ.”

“बिस्किटं खा अजून दोन.”

“बिस्किटांनी हात लांब नाही होत,” रोवेना म्हणाली. “दस्ता मोठाय.”

“मोठाय? मग दस्ताच कापू चार बोटं. आणतो आरी.” आणि ते खरंच वळले.

दस्त्याच्या टोकाला चाकूनं कोरलेली नावं होती. ऑर्व्हल, त्यांची बहीण, भाऊ, आणि अगदी कडेला, वेड्यावाकड्या अक्षरांत, डॉयल. रोवेनाचा तळवा आपसूक त्यावर गेला.

“नको.”

“घ्या. ही नको, आणि कापायलाही नको. मग तुला हवंय तरी काय, बाई?”

या घरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. आज विचारलं तेही टोमण्यानं. नाही म्हणावं तर डॉयललाच नाही म्हटल्यासारखं. हो म्हणावं तर दमलेल्या हातातली नळी कुठं वळेल, कोण सांगणार? शिवाय मीठ त्यांचं खाल्लेलं. आजवर प्रत्येक वेळी ती इथवर येऊन गप्प बसली होती. कढईत ग्रेव्ही खाली लागत होती. मेब्री दोघांकडे आळीपाळीनं बघत होती, आणि जड रायफल तिच्या हातात हळूहळू खाली येत होती.

रोवेनानं ती काढून घेतली, ऑर्व्हलच्या हाती परत दिली.

“शिकवा तुम्हीच, पॅपॉ. तुमच्यासारखं कुणी शिकवणार नाही. फक्त तिची पहिली रायफल मला निवडू द्या.”