राजोडीला येणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या इमारतीत मुलांच्या मनाच्या एक डॉक्टर राहायच्या. दवाखाना मुंबईत होता. बोलणं इतकं हळू, की समोरचाही आपोआप आवाज उतरवायचा.

मी तेव्हा समुद्रकाठच्या राजोडी गावातल्या शाळेत शिकवत होते. बाप समुद्रात बुडाल्यापासून चौथीतली एक मुलगी बोलेनाशी झाली होती. तिच्या आईला मी मुंबईचा दवाखाना सुचवला, तर ती म्हणाली, "मासली टाकून दिवसभर कशी जाऊ, बाई? आनि लोक पोरीला येडी म्हनतील."

मी हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "मग रविवारी मीच येते."

त्या दर रविवारी माझ्यासोबत यायला लागल्या. चपला काढून मुलीशेजारी वाळूत उभ्या राहायच्या आणि तिच्यासोबत दोरीवर बोंबील वाळत घालायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. त्यांचे बोंबील सारखे खाली पडायचे. यातून काय होणार, असं मला वाटायचं.

एकदा मुलीने त्यांच्या हातातले बोंबील काढून घेतले.

"असं नाय," ती म्हणाली. "दोघांची तोंडं एकमेकात अडकवायची."

तिची आई टोपली धरून तशीच उभी राहिली. डॉक्टरबाईंनी दुसरी जोडी उचलून विचारलं, "अशी?"

"हां."

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो, तेव्हा आणखी दोघीजणी आपापली मुलं घेऊन डॉक्टरबाईंची वाट पाहत बसल्या होत्या.