पुलावर ओव्हरटेक नाही

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होईल. अजूनही भेटायला आलेला माणूस चहाचा कप हातात घेतो आणि हमखास विचारतो, "पण या वयात एवढी सायकल चालवायची गरज काय होती?" सुरुवातीला मी बिस्किटं पुढे करायचो. आता सरळ सांगतो, गरज होती. तिला होती. तुम्हाला नव्हती, म्हणून तुम्ही घरी बसलात आणि तुमचे गुडघे दुखतात. मग चहा लवकर संपतो.

मी सिटी बसचा ड्रायव्हर. आमचं आणि सायकलवाल्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आणि माझ्याच घरात सायकल शिरली ती माझ्याच बसमुळे. बायको दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायची. डॉक्टर पुढे माप घेणार, ही मागे प्लास्टरचा साचा ओतणार, मेणात एकेक दात बसवणार, शेवटी गुलाबी हिरड्या छोट्या मोटारीवर घासून गुळगुळीत करणार. घरी यायची तेव्हा भुवयांवर पांढरी पूड असायची. एकदा आमच्या मार्गावरची बस इतकी रखडली, की ही पोचेपर्यंत एक म्हातारेबुवा वाट पाहून तसेच बोळक्या तोंडाने परत गेले. संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाली, "अहो, तुमच्या बसच्या भरवशावर राहिले, तर माझीच कवळी करायची वेळ येईल." पुढच्या रविवारी कुणाची तरी जुनी सायकल घेऊन दारात उभी. तेव्हा तिने चाळिशी ओलांडलेली होती.

आधी दवाखाना. मग दवाखान्याच्या पुढचा बाजार. मग एका रविवारी "आलेच" म्हणून गेली ती दिवस कलल्यावर उगवली. तोंड उन्हाने लाल आणि भूक अशी, की पातेलं पुढ्यात ओढून जेवली. मी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, "रस्ता संपेना, मग मी तरी का संपू?" मी वाढत राहिलो.

पुढे ती त्या लांब पल्ल्याच्या क्लबात गेली. या लोकांचं खूळ जरा समजावून सांगतो. दोनशे, तीनशे, कधी सहाशे किलोमीटर जायचं, ठरलेल्या मुदतीत परत यायचं. पहिला कोण, दुसरा कोण, हे कुणी विचारत नाही. मुदतीत आलेले सगळे सारखे. पण एक रीत त्यांनी पाळलेली आहे. शेवटच्या टप्प्यावर, आपल्या नदीवरच्या पुलाच्या गावाकडच्या टोकाला, पेट्रोल पंपाशेजारी एक टेबल मांडलेलं असतं. त्यावर शाळेतली असते तशी पितळी घंटा. ती वाजते फक्त सगळ्यांत शेवटी येणाऱ्यासाठी. तो येईपर्यंत टेबल उचलायचं नाही, आलेल्यांनी घरी पळायचं नाही. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. नियमाला इतके पक्के, की स्वतःच्या मुलीच्या लग्नातसुद्धा रांग मोडून जेवले नसतील.

ती घंटा माझ्या बायकोने जवळजवळ स्वतःच्या नावावर करून घेतली होती. क्लबात तिला सगळे 'शेपूट' म्हणायचे. नाव शेपूट, पण शेपूट घालून घरी आल्याचं मला आठवत नाही. टायर फाटला, वाऱ्याने झोडपलं, एकदा कुत्रं पोटरीला चावलं, तरी आली. मी चिडवायचो, "अगं, जरा जोर लाव, पोरं पुढे जातात." म्हणायची, "घाई केली की कवळी टोचते. मग माणूस आयुष्यभर माझ्या नावाने दातओठ खातो. पाय चालू ठेवायचे, बस्स."

तिचा हा वेग मी एकदा काचेतून पाहिला आहे. सकाळची फेरी, बस भरलेली, पुलाच्या चढावर पुढे एक सायकल. पाठीवरच्या पिवळ्या पिशवीवरून ओळखली. पुलावर ओव्हरटेकला बंदी आहे, मधली पट्टी सलग आहे, हे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ आहे आणि प्रत्येक जण विसरतो. त्या दिवशी मी विसरलो नाही. गिअर उतरवला आणि तिच्या मागे राहिलो. आत बोंबाबोंब. "ओ ड्रायव्हर, बैलगाडी जुंपलीत का?" माझा कंडक्टर, ज्याला आम्ही सगळे काडी म्हणतो, दारातून ओरडला, "ज्यांना घाई आहे त्यांनी उतरून ढकला!" तिने मागे वळून बघितलं, काचेवर ऊन होतं, मी काही तिला दिसलो नाही. मूठ उगारली बाईने! संध्याकाळी भाजी चिरताना तणतणत होती, "आज एक दीडशहाणा बसवाला अख्खा पूल माझ्या मागे लागला होता." मी विचारलं, "हॉर्न वाजवला का त्याने?" "नाही." "कट मारला?" "नाही." मग सुरी थांबली. माझ्याकडे बघितलं आणि इतकी हसली, की कांदा नसतानाही डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच पुलावर ती गेली. तीनशेची फेरी संपवून परत येत होती. लख्ख ऊन, कोरडा रस्ता, हातात वेळ भरपूर. एवढा पूल उतरली की टेबल. पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी मागून काँक्रीट कालवणारा मोठा ट्रक आला. त्याला थांबायचं नव्हतं. सलग पट्टी ओलांडून पुढे गेला, समोरून गाडी आली म्हणून आत घुसला. आत ती होती. एवढंच. त्यात तिची काही चूक नव्हती आणि कुणी 'नशीब' म्हणालं तर माझं डोकं फिरतं. नशिबाला स्टिअरिंग नसतं. ट्रकला असतं.

काही महिन्यांनी रस्ते खात्याचे साहेब घरी आले. सभ्य माणूस, बूट दाराबाहेर काढले, पाणी घेतलं. म्हणाले, "वहिनींच्या जाण्याने सगळ्यांना फार लागलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून आपण पुलावर सायकलींना बंदी करतोय. दोन्ही टोकांना फलक. वर वहिनींचं नाव, त्यांच्या स्मरणार्थ. गावाकडच्या फलकाचं अनावरण तुमच्याच हस्ते व्हावं, अशी इच्छा आहे."

माझी मुलगी नर्स आहे, ड्यूटीवरून नुकतीच आली होती. ती दारातून ऐकत होती. मी विचारलं, "आणि ट्रकना?"

"ट्रकना बंदी कशी करणार? कामं अडतात."

"अच्छा. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशीच्या खांबावर नाव माझ्या बायकोचं."

"असा अर्थ काढू नका हो. तुमची संमती नसेल तर नाव घालणार नाही. पण बंदी तर होणारच."

मी त्यांचा रिकामा पेला उचलला. मग म्हणालो, "नाव घाला. मी येतो."

साहेब गेल्यावर मुलगी माझ्यावर धावूनच आली. "बाबा, आईचं नाव त्या पाटीवर? तुम्ही दोरी ओढणार?" मी म्हटलं, "येतो म्हणालो. ओढतो म्हणालो का? आणि कसा येतो तेही सांगितलेलं नाही. आधी मला सायकल शिकव."

कारण मला सायकल येत नव्हती. बारा मीटरची बस बोळातून मागे घेतो, पण सायकल नाही. लहानपणी घरात नव्हती, नंतर लाज वाटली. डेपोच्या मागच्या आवारात, जिथे बस धुतात, तिथे मुलीने मला तिच्या सायकलवर बसवलं. आईची सायकल उरली नव्हती, फक्त सीट शाबूत होती, तीच या सायकलला बसवली. डेपोतली झाडून सगळी मंडळी कठड्यावर. "उस्ताद, रिव्हर्स टाका!" "इंडिकेटर द्या!" मी धडाधड पडलो. कोपर सोललं, टायरांच्या ढिगात शिरलो, एकदा मॅनेजरच्या स्कूटरला नमस्कार केला. शेवटी जमलं, पण अर्धंच. एकदा सुरू झालो की चालायचो, थांबलो की परत सुरू होता यायचं नाही. कुणीतरी मागून धरून सोडावं लागायचं.

मुलगी म्हणाली, "मग थांबायचं नाही, बाबा. आई तरी कुठे थांबायची?"

काडीला मी फक्त दिवस सांगितला होता. बाकी त्याने काय केलं, मला माहीत नाही. मी कुणालाही काही करायला सांगितलेलं नाही, हे मी साहेबांनाही नंतर सांगितलं.

त्या सकाळी गावाकडच्या टोकाला मंडप, खुर्च्या, माईक, जांभळ्या कापडाने झाकलेला फलक, कापडाला लोंबणारी सोनेरी दोरी. मी पलीकडच्या टोकाला होतो, जिथे ती पडली तिथे. मुलीने सीट धरली, म्हणाली, "आईचा एवढाच पूल राहिलाय," आणि सोडलं.

चढ बसमधून दिसतो त्यापेक्षा फारच मोठा असतो. पहिल्या खांबापाशीच धाप लागली. मागे इंजिनचा आवाज आला, पाठ आपोआप आक्रसली. वाट बघितली, आता हॉर्न, आता कट. काहीच नाही. मान जराशी वळवली, सायकल डगमगली. मागे आमची बस होती, दारात काडी. तिच्या मागे दुसरी बस. तिच्या मागे आणखी. सगळ्या सिटी बस पहिल्या गिअरमध्ये, एकामागे एक, सलग पट्टीच्या आत. पुलावर ओव्हरटेकला बंदी आहे, म्हणून कुणी ओव्हरटेक करत नव्हतं. एवढंच चाललं होतं. त्यांच्या मागे कुठेतरी ट्रक हॉर्नवर आडवे पडले होते. पडोत. त्या दिवशी पुलाला एकच वेग होता आणि तो माझ्या बायकोचा होता.

उतारावर मंडप दिसला. साहेब दोरीशी उभे, हात पुढे केलेला. त्यांना वाटलं, मी उतरणार. मी भाषण पाठ केलं होतं, चांगलं झणझणीत. पण थांबलो असतो तर परत निघता आलं नसतं, आणि माझं टेबल अजून पुढे होतं. मी त्यांच्यासमोरून जाताना एवढंच ओरडलो, "थांबता येत नाही!"

पेट्रोल पंपापाशी टेबल मांडलेलं होतं. क्लबची सगळी माणसं उभी होती. मास्तर माझ्याकडे बघतही नव्हते, हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मी पाय टेकला आणि सायकलसकट कलंडलो. धापा टाकत म्हणालो, "मास्तर, तुमची मुदत केव्हाच संपली असेल."

"शेवटचा माणूस येईपर्यंत फेरी बंद होत नाही," मास्तर म्हणाले. "तिची त्या दिवशीची फेरी मी बंद केलेलीच नव्हती." आणि त्यांनी घंटा उचलली.

साहेबांनी माईकवर दोनदा सुरुवात केली. "या दुःखद प्रसंगी" एवढं झालं, की घंटा. "आपण सर्व" म्हणाले, की घंटा. मग बसवाल्यांनी हॉर्न दिले, पूल संपेपर्यंत एकाही बसने वाजवला नव्हता. साहेबांनी थोड्या वेळाने माईक बंद केला. कापड तसंच राहिलं.

ते आजही तसंच आहे. जांभळा रंग उडून राखाडी झालाय. पलीकडच्या टोकाचा फलक याच्यानंतर लागायचा होता, तो लागलाच नाही. पोलीस म्हणतात, झाकलेल्या पाटीने कुणाला अडवता येत नाही. साहेबांचा दोनदा फोन आला, दोरी तेवढी ओढून जा म्हणून. मी म्हटलं, तुमच्या हातांना काय झालंय? ओढा. पण त्याआधी तिचं नाव पुसा, कारण त्या नावाने इथून कुणी सायकलवाला परत फिरणार नाही. नाव पुसायला त्यांना धीर होत नाही आणि ओढायला मी जात नाही.

रविवारी मी पूल ओलांडतो. अजून चढावर थांबलो की निघता येत नाही, म्हणून थांबत नाही. क्लबात आता मला शेपूट म्हणतात.