गादीशेठची रुंद चाकं

माझे धाकटे दीर पिकअप चालवतात. दुकानातून कपाटं, पलंग, आरशाची टेबलं उचलायची आणि गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन ठेवायची, हा त्यांचा धंदा. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी त्यांची वहिनी असूनही कबूल करते. कपाटाच्या प्रत्येक कोपऱ्याला ते जुन्या रजईचा तुकडा बांधतात. दोन आरशांच्या मध्ये पुठ्ठा, पुठ्ठ्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि मग दोरी. टणक वस्तूला टणक वस्तू लागू द्यायची नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. घरातसुद्धा पातेल्यात पातेलं ठेवताना मध्ये फडकं घालतात. धाकटी, म्हणजे माझी जाऊ, एकदा वैतागून म्हणाली, "ताई, चार घरांत भांड्याला भांडं लागतं. आमच्याकडे तेवढीही सोय ठेवलेली नाही."

बाजारात त्यांना गादीशेठ म्हणतात. हे नाव त्यांना काट्यासारखं टोचतं. आयुष्यात त्यांच्या हातून एक आरसा फुटलेला नाही, पण त्याचं त्यांना काडीचं कौतुक नाही. लोकांनी आपल्याला बघून रस्त्यातून बाजूला व्हावं, अशी त्यांची जुनी इच्छा. लोक होतात बाजूला, पण मागून पलंग येतोय म्हणून.

त्यात कपाटवाल्या मालकांनी एक दिवस सांगून टाकलं की यापुढे दहा गाड्या नकोत, दुकानाचं सगळं काम एकाच गाडीला. नावं दोनच उरली. एक आमचे भावजी आणि दुसरा एक चष्मेवाला. याची गाडी नवी, उंच, रुंद, आणि हा घरातही काळा चष्मा काढत नाही म्हणतात. भावजींचं बहुतेक काम याच दुकानाचं. ते गेलं तर गाडी दारात उभी राहणार, हे धाकटीला लगेच कळलं आणि तिची झोप उडाली. भावजींचीही उडाली, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

"वहिनी, त्याची गाडी उभी राहते ना, तेव्हा छाती काढून उभी राहते. आमची उभी राहते खांदे पाडून."

"भावजी, मालक कपाटं द्यायला निघालेत. मुलगी नाही."

"तुम्हाला नाही कळायचं. धंद्यात सगळं दिसण्यावर असतं."

दिसण्यावरचा उपाय त्यांनी शोधूनच ठेवला होता. स्पेसर. म्हणजे चाक आणि गाडी यांच्या मध्ये बसवायची जाड धातूची चकती. ती घातली की चाक बाहेर सरकतं आणि गाडी पाय फाकून उभी राहते. बस, एवढंच. माल जास्त बसत नाही की तेल कमी लागत नाही.

चकत्या घ्यायला गेलो तेव्हा धाकटी आणि मी सोबत होतो, कारण पुढे आम्हाला शिवणाचा दोरा घ्यायचा होता. दुकानात टायरांचे मनोरे, रबराचा वास आणि बसायला टायरच. दुकानदारानं चकत्या काउंटरवर मांडल्या. एक बोट जाड, दोन बोटं जाड, तीन बोटं जाड. मधलं भोक गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या तबकडीवर, घट्ट बसेल ना, तेही त्यानं गाडीचं मॉडेल विचारून वहीत पाहून घेतलं.

"तुमच्या गाडीला एक बोट पुरे," तो म्हणाला. "त्याच्या वर गेलात की टायर मडगार्डच्या बाहेर येणार, सगळा चिखल अंगावर, आणि बेअरिंगवर उगाच ताण."

"चष्मेवाल्यानं किती बोटं घातलीत?"

"त्यानं कुठं घातलीत? त्याची गाडीच तशी येते."

"मग मला दोन बोटं," भावजी म्हणाले. या हिशेबाचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही.

धाकटीनं तोंड उघडलं. "भाऊ, ही नसली तर गाडी चालत नाही का?"

"चालते की."

"असली म्हणजे जास्त चांगली चालते?"

"नाही हो. दिसते."

दुकानदार खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. खोटं बोलला असता तर आम्ही त्याच्यावर खापर फोडून मोकळे झालो असतो. त्यानं पुढचंही बजावून सांगितलं. हबवरचा गंज घासून काढा, चकती सरळ धातूला धातू बसू दे, मध्ये काहीही नको, नट समोरासमोरचे आवळत जा, आणि थोडी गाडी फिरवली की पुन्हा आवळा. आमच्याकडे ठेवून जा, बसवून देतो, असंही म्हणाला. भावजींनी छाती पुढे काढली. "माझ्या गाडीला परका हात लागत नाही."

घरी येऊन दारातच जॅक लावला. गल्लीतले रिकामे लोक जमले. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही ते कोणता नट आधी, यावर भांडायला लागले. हब मात्र भावजींनी घासून लख्ख केलं, कामाला ते खोटे नाहीत. आणि मग आत येऊन माझी शिवणाची कात्री घेऊन गेले. बाहेर जाऊन बघते तर स्वारी जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कापत बसलेली. प्रत्येक तुकड्याला बोल्टसाठी भोकं, तीही इतकी नेमकी की मला काजं करायला बोलवावं त्यांना.

धाकटी म्हणाली, "अहो, तो मध्ये काही घालू नका म्हणाला होता ना?"

"अगं, दुकानदाराला वस्तू विकायची असते, सांभाळायची नसते. धातूला धातू घासला की चरे पडतात. इतकी वर्षं कपाटं काय उगाच वाहिली?"

"कपाट फिरत नाही हो."

"तू आत जा, चहा टाक."

चारी चाकांना रबराची गादी घातली. वर चकत्या, वर चाकं. पान्यावर उभे राहून नट आवळले. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा एखाद्या बारक्या माणसानं थोरल्या भावाची पँट चढवून फोटोला उभं राहावं, तशी दिसत होती. भावजी मागून बघून आले, पुढून बघून आले, रस्त्यावर उकिडवे बसून बघून आले. "दिसतंय ना, वहिनी?"

"दिसतंय," मी म्हटलं. पुढचं मनातच म्हटलं, ते देवाला.

दुसऱ्याच दिवशी मालकांनी त्यांना तीन आरशांचं कपाट दिलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला मालकांच्या बहिणीचं घर, तिथं पोचवायचं. "हे नीट गेलं की कामाचं बोलू. मी मागून स्कूटरवर येतोच," ते म्हणाले. नट पुन्हा आवळायची आठवण धाकटीनं सकाळी केली होती. पण भावजी तेव्हा टायरना पॉलिश लावत होते. डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता तोच, म्हणून मी पुढे त्यांच्याशेजारी बसले.

बाजारातून जाताना प्रत्येक काचेच्या दुकानासमोर गाडी हळू. मला वाटलं जपून चालवतायत. मग लक्षात आलं, काचेत आपलीच गाडी बघतायत.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि खालून टक टक सुरू झालं.

"रस्ता खराब आहे," भावजी म्हणाले.

रस्ता चुलीवरच्या तव्यासारखा सपाट होता. थोड्या वेळानं टक टकचं खड खड झालं.

"चाकं नव्या जागेवर बसतायत."

मग स्टिअरिंग थरथरायला लागलं, ताप भरलेल्या माणसाच्या हातासारखं. मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

"वहिनी, घाबरू नका."

"मी घाबरले नाही. मी माझं काम करतेय. तुम्ही तुमचं करा. गाडी थांबवा!"

थांबवली. खाली उतरून त्यांनी पुढच्या चाकाच्या नटाला हात लावला. नट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरला. शेजारचाही फिरला. एक तर जागेवर नव्हताच. चकतीच्या कडेनं दबलेलं रबर बाहेर आलं होतं. कापसाच्या बोळ्यावर बटण शिवलं तर दोरा कितीही ओढा, बोळा दबला की बटण लोंबणारच. हे मी पोरवयात शिकले, पण शिवण हे काय शिकायचं असतं का, बायकांचंच ते! मागे तीन आरसे, शेजारी वहिनी, समोरून येणाऱ्या गाड्या, आणि आपण काय करून बसलो होतो, हे भावजींना तेव्हा दिसलं.

मालक स्कूटर लावून आले. चाक काढलेलं, रस्त्यावर चकती, तिच्याशेजारी रबराचं भोकं पाडलेलं वर्तुळ.

"हे कुणी घातलं?"

"मीच. चरे पडू नयेत म्हणून."

"गादीशेठ, चाकालाही गादी?" मालक हसले, पण लगेच हसू गेलं. "चाक निघालं असतं तर कपाटाचं सोड, बाई बसल्या होत्या शेजारी." मग ते गाडीत चढले, रजया उघडल्या. तिन्ही आरसे अखंड. ओरखडासुद्धा नाही. मालकांनी आरशात बघून केस सारखे केले आणि चष्मेवाल्याला फोन लावला.

तो आला, माणसं आली, कपाट त्याच्या गाडीत चढलं. भावजी बाजूला मान खाली घालून उभे होते. इतक्यात एकानं आरशाची बाजू उघड्या दांड्याला टेकवली.

"अरे, अरे, थांब! लोखंडाला लावतोस? डोळे आहेत का बटणं?" भावजी ओरडत वर चढले. त्याला ढकललंच जवळजवळ. रजया, पुठ्ठे, पट्ट्या, दोरी, सगळं पुन्हा स्वतः बांधलं. चष्मेवाला चष्मा वर करून बघत राहिला.

मालक म्हणाले, "ठरलं. गाडी त्याची, बांधणी तुझी. रोजचं काम. चाकाला मात्र हात लावायचा नाही."

"मी ड्रायव्हर आहे, मालक."

"होतास, सकाळपर्यंत. संध्याकाळी सांग काय ते."

भावजींनी तिथंच रबर काढलं, चकत्या काढल्या, जवळच्या गॅरेजातून एक नट आणला आणि गाडी घरी आणली. दवाखान्यात मी रिक्षानं गेले. परत आले तेव्हा घरात भाषण चालू होतं. दुसऱ्याच्या गाडीत हमाली करायची? माझी गाडी काय भंगारात घालू? लोक काय म्हणतील? धाकटी भाजी निवडत ऐकत होती. मी म्हटलं, "भावजी, लोक गादीशेठच म्हणतील. त्याहून वेगळं काही म्हणायचे नाहीत."

त्यांनी ओट्यावरच्या दोन पातेल्यांमध्ये फडकं सारलं. मग म्हणाले, "जाईन. पण एक अट आहे. मी पुढच्या सीटवर बसणार. साहेबासारखा."

"बसा की," धाकटी म्हणाली. "मग मागे कपाटाजवळ कोण?"

"त्याची माणसं."

"आज दांड्याला टेकवत होती, तीच ना?"

भावजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "त्या गाढवांच्या भरवशावर आरसा?" ते उठले आणि खुंटीवरच्या रजया काढून झटकायला लागले. "मागेच बसतो. तू सकाळचा डबा लवकर कर."