मागे समुद्र चढला तेव्हा

अमेरिकेत श्रूजबरीला आम्ही आलो ते दोन वर्षांसाठी. मग लेकीची शाळा, मग ग्रीन कार्डाची रांग. ‘पुढच्या वर्षी नक्की’ हे नवऱ्याचं पालुपदच झालं. मी ते ऐकून घ्यायची, कारण पुण्यात आमचा फ्लॅट होता. होता त्याच्या नावावर, पण मांडलेला मी. माझी पितळी परातसुद्धा तिथं जागच्या जागी होती. शेजारच्या काकू दर रविवारी खिडक्या उघडायच्या, नळ सोडायच्या आणि व्हिडिओ कॉलवर मला घरभर फिरवून आणायच्या. वेडेपणा म्हणा हवं तर, पण त्या फेरीवर माझा आठवडा निघायचा.

त्या रविवारी सकाळी टेबलावर लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट चालला होता: माणूस आशियातून अमेरिकेत कसा आला. नवऱ्याने मीठ घालून मैदा मळला होता. ट्रेमध्ये एकीकडे सैबेरिया, दुसरीकडे अलास्का, मध्ये जमिनीचा पट्टा.

"ते लोक मायग्रेट करायला निघालेच नव्हते," तो रंगात येऊन तिला सांगत होता. "शिकारीमागे चालत राहिले. मग बर्फ वितळलं, मागे समुद्र चढला. परत जाणं कॅन्सल."

मी काकूंना फोन लावला. स्क्रीनवर त्यांचंच स्वयंपाकघर दिसलं.

"काकू, चला ना आमच्याकडे."

"अगं, चावी परवा नव्या मालकांना दिली ना. तुझे दीर येऊन सगळं आवरून गेले." मग त्यांचा चेहरा उतरला. "तुला ठाऊक नव्हतं?"

मी फोन ठेवला. नवरा मैद्याच्या हातांनी तसाच बसला होता.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "तू रडली असतीस. आणि यार, आपण खरंच जाणार होतो का?"

"माझी परात कुठंय?"

ते त्याला माहीत नव्हतं.

मला सांगून विकला असता तर मी भांडले असते आणि कदाचित हरलेही असते. पण हा दर दिवाळीला माझ्याशी तिथल्या पडद्यांचे रंग ठरवत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला त्याच्याकडे बघवेना.

लेक ट्रेमध्ये निळं पाणी ओतत होती. पट्टा हळूहळू बुडाला.

"आई, बट डिड दे नो? पाणी येणार ते?"

"एकाला माहीत होतं," मी म्हणाले. "तो बाकीच्यांना ‘पुढच्या वर्षी परत जाऊ’ म्हणत राहिला."